पूल नेमका कोणाचा? गावच्या जुन्या पुलाची सुरक्षा समजून घेताना

१५ जून २०२५, रविवार. मावळ तालुक्यातील कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरचा जुना लोखंडी पूल दुपारी कोसळला. चार जणांचा मृत्यू झाला, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल सुमारे तीस वर्षांपूर्वीचा आणि अरुंद. तो मुळात बांधला होता नदीपलीकडच्या शेतकऱ्यांना आणि गावकऱ्यांना ये-जा करता यावी म्हणून. त्या दिवशी त्यावर सुट्टीसाठी आलेल्यांची प्रचंड गर्दी होती, दुचाक्याही होत्या.

ज्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, तिथून हे ठिकाण फार दूर नाही. शेलारवाडीची बौद्ध लेणी पाहायला गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी कुंडमळ्याचे रांजणखळगेही पाहिले असतील. तेव्हा ही कोणा दुसऱ्याची बातमी नाही.

दुर्घटनेनंतर चर्चा झाली ती पर्यटकांच्या बेशिस्तीची. धोक्याचा फलक लावलेला होता, तरी लोक पुलावर गेले, हे खरेच आहे. पण त्याच बातम्यांमधून आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. पूल धोकादायक असल्याचे प्रशासनाला माहीत होते आणि नव्या पुलासाठी सुमारे ८ कोटी रुपयांचा निधी मंजूर झालेला होता. म्हणजे धोका माहीत होता, फलक होता, पैसाही कागदावर होता. तरीही पूल लोकांना घेऊन पडला. हे तिन्ही असूनही माणसे का वाचत नाहीत, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे. आपल्या तालुक्यातही असा एखादा पूल, साकव किंवा बंधारा असतोच, आणि त्याच्या पलीकडे बहुतेक वेळा आपलीच एखादी वस्ती असते.

पूल आतून कसा खचतो

पूल पडतो तेव्हा तो एका क्षणात पडतो, पण त्याआधी कित्येक वर्षे तो कमकुवत होत असतो. भारतात १९७७ ते २०१७ या काळात निकामी झालेल्या दोन हजारांहून अधिक पुलांचा अभ्यास संशोधकांनी केला आहे. त्यात सुमारे ८० टक्के पूल पूर आणि अन्य नैसर्गिक आपत्तींमुळे गेले, सुमारे १० टक्के बांधकामाचे साहित्य खराब झाल्यामुळे आणि तीन टक्क्यांच्या आसपास जादा भारामुळे. निकामी होताना पुलांचे सरासरी वय होते साधारण साडेचौतीस वर्षे. शंभर वर्षे टिकणार म्हणून ज्यांचे कौतुक होते, त्यांचे हे सरासरी आयुष्य.

पूर पूल पाडतो म्हणजे काय करतो? पाणी पुलाला जोरात ढकलते आणि तो वाहून जातो, अशी आपली समजूत असते. काही वेळा तसे होतेही, विशेषतः झाडांचे ओंडके आणि कचरा खांबांना अडकून पुलाचे धरण बनते तेव्हा. पण मोठा शत्रू खाली असतो. वाहते पाणी खांबावर आपटले की ते खाली वळते आणि खांबाच्या बुडाशी भोवरे तयार करते. हे भोवरे पायाजवळची वाळू-माती उकरून काढतात. अभियंते याला स्कावर म्हणतात, आपण पायाखालची खरवड म्हणू. पूर जितका मोठा, तितका हा खड्डा खोल. पाया खडकापर्यंत नेलेला नसेल तर एका रात्रीत खांब अधांतरी येऊ शकतो.

यातली फसवी बाब पुढे आहे. पूर ओसरताना वरून आलेला गाळ आणि वाळू त्याच खड्ड्यात भरते. चार दिवसांनी आपण पाहायला जातो तेव्हा नदीचा तळ जागच्या जागी दिसतो. पण भरलेली ती वाळू भुसभुशीत असते, ती पायाला आधार देत नाही. पुढच्या पुरात पहिल्या तासाभरातच ती निघून जाते आणि खरवड मागच्या जागेवरून पुढे सुरू होते. "मागच्या वर्षी एवढा मोठा पूर आला, पुलाला काही झाले नाही" हे वाक्य म्हणून धीर देणारे नसते. मागच्या पुराने काय केले, ते या पुरात कळते.

महाडजवळची सावित्री नदीची घटना या संदर्भात आठवावी. ज्या महाडला आपण २० मार्चला जातो, त्याच महाडजवळ २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. १९२८ चा, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर वर्षभराने झालेला पूल. एसटीच्या दोन बस आणि एक प्रवासी गाडी अंधारात नदीत गेली. जवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराच्या लक्षात आले म्हणून मागची वाहने थांबवता आली, नाहीतर आकडा आणखी वाढला असता. त्याच वर्षी मे महिन्यात या पुलाची तपासणी झाली होती आणि तो धोकादायक आढळला नव्हता, असे दुर्घटनेनंतर सरकारकडूनच सांगण्यात आले. तपासणी खोटी होती असे माझे म्हणणे नाही. पण डोळ्यांनी केलेली तपासणी कठडे, कमानी, रस्ता पाहते. पाण्याखालचा पाया पाहायचा तर पाणबुड्या लागतो, खोली मोजावी लागते, नदीतळाचा जुना नकाशा हाताशी लागतो. तपासणी झाली का, एवढे विचारून पुरत नाही, काय तपासले हे विचारावे लागते.

खरवडीला माणसाचा हातभार म्हणजे वाळू उपसा. पुलाच्या खालच्या अंगाला नदीतून वाळू काढली की तळ खाली जातो आणि हा उतार वर सरकत सरकत पुलापर्यंत येतो. पाया जमिनीत जेवढा गाडलेला होता तेवढा राहत नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पुलाच्या लांबीच्या पाचपट अंतर वरच्या बाजूला आणि दहापट अंतर खालच्या बाजूला उपसा नको, असे म्हटले आहे. हे अंतर वरच्या अंगाला किमान २५० मीटर आणि खालच्या अंगाला किमान ५०० मीटर असावे लागते. आपल्याकडे रात्री ट्रॅक्टर कुठे उतरतात ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. वाळूविरुद्धची तक्रार आपण बहुधा पर्यावरणाच्या नावाने करतो. पुलाच्या नावाने केली तर ती महसूल खात्याबरोबर बांधकाम खात्यालाही करता येते, आणि मग दोन्ही खात्यांना उत्तर द्यावे लागते.

वरच्या भागाचे दुखणे वेगळे. काँक्रीटमधल्या सळईपर्यंत पाणी आणि हवा पोचली की ती गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते, त्यामुळे तो आतून काँक्रीटला फोडतो. स्लॅबच्या खाली तपकिरी ओघळ, मग सळईच्या रेषेत बारीक तडा, मग ढलपी सुटणे आणि शेवटी उघडी सळई, असा हा क्रम असतो. ओघळ दिसतो तेव्हा उपाय स्वस्त असतो. सळई दिसते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. लोखंडी पुलात गंज जोडांमध्ये, नटबोल्टच्या खाली, जिथे पाणी साचते तिथे बसतो. रंग मारला की वरून पूल नवा दिसतो. रंगरंगोटीला दुरुस्ती म्हणण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे.

दगडी पुलांच्या सांध्यात वड, उंबर, पिंपळ उगवतो. त्यांची मुळे दगड फाकवतात, फटीतून पाणी आत जाते, चुना धुऊन निघतो. पिंपळाच्या रोपाला हात लावायला आपल्याकडे जीव धजत नाही, ते मी समजू शकते. पण रोप वीतभर असतानाच ते मुळासकट अलगद काढून विहाराच्या आवारात लावता येते. ते हातभर झाले की वरून तोडून उपयोग नसतो, मूळ आतच वाढत राहते.

दुरुस्तीही जीव घेऊ शकते

गुजरातमधील मोरबीचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ रोजी कोसळला, १३५ माणसे गेली. हा पूल दुरुस्तीनंतर अवघ्या चार दिवसांपूर्वी पुन्हा खुला केलेला होता. विशेष तपास पथकाच्या अहवालानुसार, एका मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजलेल्या होत्या, बहुधा तुटलेल्याही. दुरुस्तीत लाकडी फळ्या काढून ॲल्युमिनियमचे पत्रे बसवले आणि मुख्य दोर तसाच ठेवला. वरचा मजला चकाचक, आणि ज्यावर सगळे टांगलेले तो दोर जुनाच.

म्हणून पुलाची दुरुस्ती होणार असे कळले की पहिला प्रश्न हा विचारावा: भार ज्यावर आहे त्या भागाचे काम अंदाजपत्रकात आहे का? डांबराचा नवा थर हा तर उलट भार असतो. जुन्या स्लॅबवर दर चार-पाच वर्षांनी नवा थर टाकत गेले की पुलाच्या अंगावर कायमचे काही टन वाढतात आणि कठड्याची उंचीही तेवढी कमी होते.

भाराचा हिशेब थोडा समजून घेऊ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे पादचारी मार्गासाठी चौरस मीटरला ४०० किलो आणि यात्रा-गर्दीच्या ठिकाणी ५०० किलो भार धरतात. समजा, सव्वा मीटर रुंद आणि ६० मीटर लांब साकवावर शंभर माणसे सारखी पसरून चालली आहेत. सरासरी ६० किलो धरले तर चौरस मीटरला जेमतेम ८० किलो भार येतो. हे काहीच नाही. पण त्यातली साठ माणसे पाणी पाहायला मधल्या दहा मीटरमध्ये थबकली, तर तिथला भार ३०० किलोच्या घरात जातो. सुस्थितीतला पूल तोही पेलतो. गर्दीने पूल पडला असे कोणी म्हणाले, तर विचारायला हवे की पुलात मूळची ताकद किती उरली होती. गर्दी अनेकदा निमित्त असते.

चालत्या, नाचत्या गर्दीचा मात्र वेगळा परिणाम होतो. एका तालात पडणारी पावले पुलाला हेलकावे देतात. १८३१ मध्ये इंग्लंडमधील ब्रॉटनचा झुलता पूल सैनिकांच्या एकसारख्या पावलांनी कोसळला, तेव्हापासून पुलावर सैनिकांना पाऊल मोडून चालायला सांगतात. लंडनचा मिलेनियम पूल २००० साली खुला झाला आणि चालणाऱ्यांमुळेच इतका डोलू लागला की दोन दिवसांत बंद करावा लागला. आता १४ एप्रिलची आपली मिरवणूक डोळ्यांसमोर आणा. टेम्पोवर डीजे, मागे जनरेटर, पुढे-मागे ठेक्यावर नाचणारी शेकडो पोरे, आणि वाटेत ओढ्यावरचा चाळीस वर्षांचा पूल. जयंती मंडळाने परवानगीचा अर्ज देताना मार्गावरच्या पुलाची चौकशी केली, असे मी क्वचितच पाहिले आहे. पूल शंका येण्यासारखा असेल तर त्यावर संगीत बंद, वाहन वेगळे, माणसे वेगळी आणि तीही न थांबता, एवढे ठरवायला कोणत्याही खात्याची मंजुरी लागत नाही.

वाहनांबद्दल एकच सांगते. गावाकडचे कितीतरी पूल बैलगाडी, जीप आणि एखादा ट्रक धरून बांधले गेले. आज त्यावरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर जातो, आणि कायद्याने २८.५ टनांपर्यंत वजनाची मुभा असलेला तीन आसांचा टिपर जातो. वाळूचा टिपर मुभेत असतो का, हे तुम्हीच पाहा.

पूल कोणाच्या वहीत आहे

मी काम करते त्या भागात पुलाबद्दल विचारले की पहिले उत्तर मिळते, "तो आमच्याकडे नाही." ग्रामपंचायत जिल्हा परिषदेकडे बोट दाखवते, जिल्हा परिषद सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि बांधकामवाले जलसंपदाकडे. समाजशास्त्रात विनामालकीच्या साधनांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, पण पुलाचे दुखणे उलटे आहे. मालक असतो, तो फक्त सापडत नाही.

सापडायचा मार्ग रस्त्याच्या वर्गातून जातो. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या अखत्यारीत. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग सर्वसाधारणपणे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. प्रत्येक रस्त्याला क्रमांक असतो आणि पूल त्या क्रमांकाबरोबर जातो. म्हणून अर्जात "आमच्या गावचा पूल" असे न लिहिता "ग्रामीण मार्ग क्रमांक अमुक वरील, तमुक नाल्यावरील पूल" असे लिहावे. क्रमांक जिल्हा परिषदेच्या उपविभागात, शाखा अभियंत्याकडे मिळतो.

खरी अडचण ज्या वाटेला क्रमांकच नाही तिथे येते. रस्ते विकास योजनेत नोंद नसलेल्या रस्त्याला योजनाबाह्य म्हणतात. त्यावर देखभालीचा पैसा टाकायला लेखाशीर्षच मिळत नाही. अशा वाटा बहुतेक वेळा कुठे जातात? वस्तीकडे, स्मशानभूमीकडे, शिवारातल्या घरांकडे. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगरी-आदिवासी भागात २५० लोकसंख्येची अट होती. ऐंशी घरांची वस्ती त्या चाळणीत अडकत नाही, गळून पडते. यात कोणी मुद्दाम जात पाहिली असे म्हणावे लागत नाही. गाव कुठे आणि वस्ती कुठे, हे ज्यांनी पूर्वी ठरवले त्यांनी जात पाहिलीच होती. आजचा निकष फक्त लोकसंख्या मोजतो आणि तेच अंतर पुढे चालू राहते. म्हणून रस्त्याला क्रमांक मिळवणे, ग्रामसभेचा ठराव करून तो योजनेत घ्यायला लावणे, हे दिसायला कारकुनी पण फार मोठे काम आहे.

बंधाऱ्यांचे प्रकरण आणखी अवघड. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाणी अडवण्यासाठी असतात, त्यावरची फळी बर्गे टाकायला-काढायला. पण महाराष्ट्रात शेकडो गावे त्यांचा पूल म्हणून वापर करतात, त्यावरून दुचाकी नेतात, शाळेची मुले जातात. कठडा नाही, रुंदी हातभर, आणि पावसाळ्यात वरून पाणी. मालक खाते म्हणते, हा पूल नाहीच, म्हणून पुलाच्या तपासणीत तो येत नाही. अशा बंधाऱ्याबाबत कठडे मागण्यापेक्षा, तिथे रोज किती माणसे जातात याची मोजणी करून स्वतंत्र साकवाची मागणी करणे बरे. शाळा सुरू असताना सलग सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, पायी, सायकल, दुचाकी अशी वेगवेगळी नोंद ठेवली की तो आकडा नाकारणे अवघड जाते.

फलक म्हणजे बंदी नव्हे

"पूल धोकादायक आहे, वाहतूक करू नये" हा फलक लावायला फारसा खर्च येत नाही, आणि पूल पडला की तो फलक खात्याच्या कामी येतो. पलीकडे राहणाऱ्या बाईला मात्र तो काही सांगत नाही. तिला माहीत असतेच. फेऱ्याने गेले तर बारा किलोमीटर, रिक्षाला पैसे, रोजंदारीचा खाडा. धोका पत्करून ती पुलावरून जाते ते अडाणीपणाने नाही, तिचा हिशेब बरोबर असतो. चुकीचे असते ते तिच्यापुढे ठेवलेले दोन पर्याय.

पूल खरोखर बंद करायचा तर तो शरीराने बंद करावा लागतो. जड वाहनांसाठी दोन्ही तोंडांना लोखंडी उंची-अडथळा, चारचाकीसाठी पक्के खांब, आणि पूर्ण बंद असेल तर भिंत. त्याच दिवशी पर्यायही सुरू व्हावा लागतो: एसटीचा बदललेला मार्ग, शाळेच्या मुलांसाठी वाहन, बाळंतपणाला आलेल्या बाईसाठी पावसाळ्याआधीच अलीकडे राहण्याची सोय. आशाताईकडे त्या बायांची यादी असतेच. पर्याय न देता केलेली बंदी आठ दिवसांत मोडते, आणि मोडणारा कोणी बाहेरचा नसतो.

अधिकार कोणाचा? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ नुसार रस्ता किंवा पूल सुरक्षित नसल्यास वाहनांवर, विशिष्ट वजनाच्या वाहनांवरही, बंदी घालता येते. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ३४ नुसार जिल्हा प्राधिकरणाला, ज्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, धोक्याच्या वेळी वाहतूक नियंत्रित करता येते. तेव्हा अर्जाची एक प्रत बांधकाम विभागाला आणि दुसरी जिल्हाधिकाऱ्यांना, असे दोन्हीकडे लिहावे.

वर्षभरासाठी बंदी वेगळी आणि पुरापुरती बंदी वेगळी. पुरासाठी खांबावर लाल रंगाची एक रेघ पुरेशी आहे. पाणी रेघेला लागले की दोन्ही बाजूंनी दोर बांधायचा, मग सरपंचाची गाडी असो की आमदाराची. वाहत्या पाण्याबद्दल आपला अंदाज नेहमी कमी पडतो. अवघ्या १५ सेंटिमीटर वेगाच्या पाण्यात मोठा माणूस पडू शकतो. ३० सेंटिमीटर पाणी छोटी कार हलवते, ६० सेंटिमीटर बहुतेक गाड्या. दोर कोणी बांधायचा ती नावे मे महिन्यातच ठरलेली हवीत, दोन्ही काठांची वेगळी, कारण पूल बंद झाल्यावर अलीकडचा माणूस पलीकडे जाऊ शकत नाही. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक त्या सगळ्यांच्या फोनमध्ये असावा.

गावाची स्वतःची वही

अभियंत्याची तपासणी आपण करू शकत नाही, आणि तसा आवही आणू नये. पण अभियंता वर्षातून एकदा येतो, आपण रोज जातो. बदल टिपणे हे आपले काम. शंभर पानी वही आणि एक मोबाइल पुरतो. पुलाच्या खांबांना क्रमांक द्या. ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या अंतरावरून दर वेळी तोच फोटो काढा. तड्याजवळ नाणे किंवा मोजपट्टी धरा, नाहीतर फोटोवरून काही कळत नाही. तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा छोटा ठिपका लावून त्यावर तारीख लिहा. तडा हलत असेल तर तो ठिपका फुटतो. ही युक्ती अभियंतेही वापरतात, फक्त ते काच किंवा मोजयंत्र लावतात.

पायाखालची खरवड मोजायला दोरी आणि वजन लागते. दोरीला लोखंडी वजन बांधून, वीत-वीत अंतरावर गाठी मारून, कठड्याच्या ठरलेल्या खुणेवरून प्रत्येक खांबाच्या वरच्या अंगाला ते खाली सोडायचे आणि तळापर्यंतची लांबी वहीत लिहायची. मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा. एखाद्या खांबाशी आकडा हातभराने वाढला तर ती बातमी आहे. भुसभुशीत गाळामुळे हे माप खरी खरवड कमी दाखवते, हे लक्षात ठेवून वाचावे. आणि पूर चालू असताना हा उद्योग कोणीही करू नये, कितीही उत्साह असला तरी.

काही खुणा दिसल्या तर वही बाजूला ठेवून थेट फोन करायचा: कठड्याची सरळ रेषा मध्येच वाकलेली दिसणे, दोन स्लॅबच्या सांध्यात नवी पायरी पडणे, खांब कलणे, पुलाच्या तोंडाशी रस्ता अचानक खचणे. ९ जुलै २०२५ रोजी गुजरातमध्ये मही नदीवरचा १९८५ चा गंभीरा पूल तुटला आणि वीसहून अधिक माणसे गेली. प्राथमिक चौकशीत दोष सांध्यांचा आणि त्याखालच्या आधाराचा निघाला. सांधा म्हणजे नुसती खडबडीत जागा नव्हे.

अर्ज कसा लिहावा

इंडियन रोड्स काँग्रेसची पुलांच्या तपासणी आणि देखभालीची मार्गदर्शिका आहे, एसपी ३५ क्रमांकाची. नेहमीची तपासणी, सविस्तर मुख्य तपासणी आणि पूर किंवा अपघातानंतरची विशेष तपासणी असे प्रकार तीत सांगितले आहेत. माहिती अधिकारात विचारताना या शब्दांतच विचारावे. "पुलाची तपासणी झाली का" याचे उत्तर "होय" येते आणि विषय संपतो. त्याऐवजी मागच्या पाच वर्षांतील पावसाळ्यापूर्वीच्या आणि नंतरच्या तपासणी अहवालांच्या प्रती, पायाची किंवा पाण्याखालची तपासणी केली असल्यास तिचा अहवाल, पुलाचे बांधकाम वर्ष आणि ठरवलेली भारक्षमता, आणि लेखाशीर्ष ३०५४ मधून त्या पुलावर झालेला वर्षनिहाय खर्च मागावा. ३०५४ हे रस्ते-पुलांच्या देखभालीचे शीर्ष, ५०५४ नव्या बांधकामाचे. दुसऱ्याच्या भूमिपूजनाला फोटो असतो, पहिल्याला नसतो, म्हणून पहिल्यावर लक्ष ठेवावे लागते.

स्ट्रक्चरल ऑडिट झाले असे सांगितले तर कोणत्या चाचण्या केल्या ते विचारा. हातोड्याच्या चाचणीने फक्त पृष्ठभागाचा कणखरपणा कळतो. आतले कळायला ध्वनिलहरींची चाचणी किंवा कोअर काढावा लागतो, आणि ताकद कळायला प्रत्यक्ष भार ठेवून पाहावा लागतो.

माहिती अधिकार कायद्यातील व्याख्येत कामांची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. नव्या किंवा दुरुस्तीच्या पुलाचे काम चालू असताना तो वापरता येतो, पण फार थोडे कार्यकर्ते वापरतात. जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी, असे कलम ७ मध्ये आहे. पूल तोंडाशी खचलेला असेल तर अर्जावर तसे ठळक लिहावे.

वेळापत्रकाची एक सोय आपल्याला आयती मिळालेली आहे. गावोगाव १ मे आणि २ ऑक्टोबरच्या आसपास ग्रामसभा होत आल्या आहेत, एक पावसाळ्याच्या अगदी आधी, दुसरी लगेच नंतर. पुलाच्या वहीतल्या दोन नोंदी याच दोन सभांत वाचून दाखवाव्यात आणि कार्यवृत्तात घ्यायला लावाव्यात. ठरावात मागणी एका वाक्यात असावी, रस्त्याचा क्रमांक असावा आणि वापरणाऱ्यांची मोजलेली संख्या असावी. ठरावाची प्रत ग्रामपंचायतीकडून सही-शिक्क्यासह घेऊन जिल्हा परिषदेच्या कार्यकारी अभियंत्याकडे आवक क्रमांकासह द्यावी. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही नाही. म्हणून वस्तीतल्याच एखाद्या ताईच्या नावाने अर्ज गेला तर चांगले, पूल तिच्याच रोजच्या वाटेवरचा आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो.